सत्तावीस फैरींचा हिशेब

ढाक्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाची जुनी लांबलचक इमारत मुळात रुग्णांसाठी बांधलेली नव्हती आणि विद्यार्थ्यांसाठीही नव्हती. १९०५ साली बंगालची फाळणी होऊन ‘पूर्व बंगाल व आसाम’ हा प्रांत निघाला, तेव्हा त्याच्या सचिवालयासाठी ती उभारण्यात आली. पुढे फाळणी रद्द झाली, प्रांत गेला आणि मालकाविना उरलेली ही वास्तू १९२१ मध्ये नव्या ढाका विद्यापीठाच्या वाट्याला आली. दुसऱ्या महायुद्धात तिचा बराचसा भाग लष्करी रुग्णालयासाठी घेण्यात आला, १९४६ मध्ये तिथेच वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि विद्यापीठाच्या कला शाखेकडे इमारतीचे एक टोक तेवढे उरले. त्या टोकाच्या अंगणात आंब्याचे एक झाड होते. विद्यार्थ्यांच्या सभा त्या झाडाखाली भरत, म्हणून त्या जागेला ‘आमतला’, म्हणजे आंब्याखालची जागा, असे नाव पडले. जवळच वैद्यकीय विद्यार्थ्यांचे वसतिगृह होते. वसतिगृह हा शब्द त्याला जरा भारीच वाटावा, कारण ते म्हणजे बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती असलेल्या, ओळीने क्रमांक घातलेल्या बराकी होत्या. तिथून थोड्या पावलांवर जगन्नाथ हॉल हे विद्यापीठाचेच दुसरे छात्रालय होते आणि पाकिस्तान झाल्यानंतर प्रांतिक विधिमंडळाला जागा नसल्यामुळे या छात्रालयाच्या सभागृहात पूर्व बंगालची विधानसभा भरू लागली होती.

कला शाखेचे फाटक, रुग्णालय, बराकी आणि विधानसभा अशी ही चार ठिकाणे एकमेकांना इतकी लगटून होती, की आमदारांना सभागृहात जायचे तर विद्यार्थ्यांच्या वस्तीला वळसा घालावा लागे आणि विद्यार्थ्यांना आपले गाऱ्हाणे सरकारच्या कानावर घालायचे तर रस्ता ओलांडला की पुरे. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी जे घडले ते भाषेच्या लढ्याचा कळस म्हणून जगाला माहीत आहे आणि ते योग्यच आहे. तथापि, त्या दिवसाकडे पोलिसी व्यवहाराच्या अंगाने पाहिले, म्हणजे जमावबंदीचा हुकूम, लाठी, अश्रुधूर, गोळी आणि शेवटी चौकशी या ठराविक पायऱ्यांच्या अंगाने पाहिले, तर असे दिसते की पाच वर्षेही पुरी न झालेल्या एका नव्या राष्ट्राने आपल्याच विद्यार्थ्यांवर बंदूक उचलताना एकही नवी गोष्ट केली नाही. जुन्या राज्यकर्त्यांनी मागे ठेवलेली पोथी त्याने पानापानाने वाचली.

वादाचे मूळ थोडक्यात सांगता येते. १९५१च्या जनगणनेनुसार पाकिस्तानच्या लोकसंख्येत बंगाली मातृभाषा असणारे ५४ टक्क्यांहून अधिक होते, तर उर्दू मातृभाषा असणारे सुमारे ७ टक्के. असे असूनही राष्ट्रभाषा एकटी उर्दूच असावी, हा केंद्र सरकारचा आग्रह होता. २५ फेब्रुवारी १९४८ रोजी धीरेंद्रनाथ दत्त यांनी पाकिस्तानच्या घटना परिषदेत बंगालीला कामकाजाची भाषा म्हणून स्थान मागितले आणि ते फेटाळले गेले. त्याच्या निषेधार्थ ११ मार्चला ढाक्यात हरताळ झाला, सचिवालयाभोवती निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांवर लाठ्या पडल्या आणि अनेकांना अटक झाली. त्यानंतर दहाच दिवसांनी, २१ मार्चला, महंमद अली जिना यांनी रेसकोर्स मैदानावर उर्दूचाच पुकारा केला आणि २४ मार्चला कर्झन हॉलमधील पदवीदान समारंभात तेच पुन्हा म्हटले, तेव्हा विद्यार्थ्यांमधून ‘ना, ना’ असे आवाज उठले. मग हा प्रश्न काही काळ धुमसत राहिला. २७ जानेवारी १९५२ रोजी पंतप्रधान ख्वाजा नाझिमुद्दीन यांनी पलटण मैदानावरील सभेत जिनांचेच शब्द उगाळले आणि निखाऱ्यावरची राख उडाली. ३१ जानेवारीला मौलाना भाशानी यांच्या अध्यक्षतेखालील सभेत सर्वपक्षीय राष्ट्रभाषा कृती परिषद स्थापन झाली आणि विधानसभेच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाचा मुहूर्त धरून २१ फेब्रुवारी हा प्रांतभर हरताळाचा दिवस ठरला.

२० फेब्रुवारीला दुपारनंतर ढाक्याच्या रस्त्यांवरून ध्वनिक्षेपक लावलेली गाडी फिरली आणि १४४ कलमाखाली महिनाभरासाठी सभा, मिरवणुका व निदर्शने यांना बंदी असल्याचे जाहीर झाले. हे ‘एकशे चव्वेचाळीस’ मराठी वाचकाला परके नाही. पिढ्यान्‌पिढ्या वर्तमानपत्रांतून ‘१४४ कलम जारी’ हे शब्द त्याने वाचलेले आहेत. हे कलम १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले. तातडीच्या प्रसंगी, समोरच्याचे म्हणणे न ऐकताही, एखादी कृती करू नये असा हुकूम देण्याचा अधिकार ते दंडाधिकाऱ्याला देते. हा हुकूम मोडणे हा दंडसंहितेच्या १८८व्या कलमाखाली गुन्हा होतो, पण त्याची शिक्षा किरकोळ. खरी धार पुढच्या साखळीत असते. त्याच संहितेची १२७ व १२८ ही कलमे बेकायदा जमावाला, किंवा शांतताभंग करील असा संभव असलेल्या पाच अथवा अधिक माणसांच्या जमावाला, पांगण्याचा हुकूम देण्याची आणि तो न मानल्यास बळ वापरण्याची मुभा देतात. म्हणजे पहिल्या पायरीवर कागदाचा एक तुकडा असतो, दुसरीवर तोंडी हुकूम, तिसरीवर लाठी, आणि प्रत्येक पायरीचे समर्थन आधीच्या पायरीत मिळते. मुळात तो कागद का काढला, हा प्रश्न या जिन्यावर कुठेच विचारला जात नाही. परक्या सत्तेने हा जिना आपल्या सोयीसाठी बांधला होता हे उघडच आहे; आश्चर्य याचे, की सीमेच्या दोन्ही बाजूंच्या स्वकीय सरकारांना त्याची एकही पायरी काढून टाकावीशी वाटली नाही.

बंदी मोडावी की पाळावी यावर त्या संध्याकाळी कृती परिषदेची बैठक झाली आणि मोठ्या बहुमताने असे ठरले की मोडू नये, कारण गोंधळ झाला तर सरकारला निवडणुका लांबणीवर टाकायला निमित्त मिळेल. राजकीय हिशेब म्हणून हे शहाणपणाचे होते. विद्यार्थ्यांना ते पटले नाही. रात्री उशिरा फजलुल हक हॉल आणि ढाका हॉल यांच्यामधल्या तळ्याच्या काठी काही विद्यार्थी नेते जमले आणि बंदी मोडायची असा त्यांनी आपापसात निर्णय घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमतल्यात गर्दी लोटली आणि फाटकाबाहेर पोलीस उभे राहिले. गाजीउल हक यांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली, परिषदेच्या प्रतिनिधींनी आपली बाजू मांडली आणि ती ओरडून बंद पाडण्यात आली. मग अब्दुस समद या विद्यार्थ्याने एक तोड सुचवली. सगळे एकदम मिरवणुकीने निघाले तर दंगल झाल्याचा आरोप होईल. त्यापेक्षा दहा-दहा जणांनी बाहेर पडावे आणि अटक करून घ्यावी. सत्याग्रहाच्या तुकड्यांची ही जुनी रीत १९३० आणि १९४२च्या चळवळी पाहिलेल्या सर्वांच्याच परिचयाची होती. तिच्यात बंदी तर मोडली जाते, पण शिस्त मोडत नाही आणि बळ वापरायचे झाले तर त्याची लाज वापरणाऱ्याच्या पदरी पडते. महंमद सुलतान नावाचा विद्यार्थी फाटकाशी उभा राहून बाहेर पडणाऱ्यांची नावे वहीत टिपू लागला. पहिल्या तुकडीचे नेतृत्व हबीबुर रहमान यांनी केले. त्या दिवशी कायदा मोडण्यात ज्याचा पहिला नंबर लागला, तो हा तरुण ४३ वर्षांनी बांगलादेशाचा सरन्यायाधीश आणि त्यानंतर १९९६ मध्ये काळजीवाहू सरकारचा प्रमुख झाला, ही नोंद केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

पहिल्या तुकड्यांना पोलिसांनी गाड्यांत घालून नेले. विद्यार्थिनींच्या तुकड्याही बाहेर पडल्या. त्यांच्यावर लाठ्या चालल्या आणि त्यांत काही जखमी झाल्या. गाड्या पुऱ्या पडेनात, तुकड्या संपेनात, तेव्हा अश्रुधुराची नळकांडी सरळ विद्यापीठाच्या आवारात येऊन पडू लागली. आवारात एक लहान तळे होते, त्यात रुमाल भिजवून विद्यार्थी डोळ्यांना लावत होते, आणि काही जण धुमसणारी नळकांडी उचलून आली त्या दिशेला परत भिरकावत होते. त्यांतले एक गाजीउल हक यांच्या छातीवर बसले. त्यांना बेशुद्धावस्थेत उचलून वरच्या मजल्यावर नेण्यात आले. कुलगुरू सय्यद मोअज्जम हुसेन तिथे हजर होते. आवारात अश्रुधूर का सोडता, असे त्यांनी पोलिसांना विचारले आणि विद्यार्थ्यांना घरी जाण्यास सांगितले, पण दोन्हीकडून त्यांचे कोणी ऐकले नाही.

फाटकातून बाहेर पडणे अशक्य झाले तेव्हा विद्यार्थ्यांनी कला शाखेच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारांमधली भिंत फोडली आणि ते रुग्णालयातून बराकींकडे सरकले. या भिंतीला महत्त्व आहे. फाटकावरची लढत सत्याग्रही तुकड्यांची होती. भिंत फुटल्यानंतर मात्र तिचे रूप पालटले, कारण आता विद्यार्थी विधानसभेच्या वाटेवर होते, अधिवेशनाची वेळ जवळ येत होती, आमदारांच्या गाड्या त्याच रस्त्याने जाणार होत्या, आणि वसतिगृहाच्या आवारातून विटांचे तुकडे रस्त्यावर येऊ लागले होते. विटा आल्या हे नाकारण्याचे कारण नाही. ते त्या दिवसाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही लपवलेले नाही. पोलिसांनी लाठीमार केला, पुन्हा अश्रुधूर सोडला, मुले बराकींत शिरत आणि पुन्हा बाहेर येत. दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि त्या बराकींच्या आवारात घुसल्या. बांबूचा तट्ट्या ऊन अडवतो, गोळी अडवत नाही.

अबुल बरकत हा राज्यशास्त्राच्या एम.ए.चा विद्यार्थी बारा नंबरच्या बराकीजवळ पडला. त्याचे गाव मुर्शिदाबाद जिल्ह्यातले, म्हणजे फाळणीत भारताकडे राहिलेले. १९४८ मध्ये तो शिकायला ढाक्याला आला होता. रफीकुद्दीन अहमद हा माणिकगंजच्या महाविद्यालयाचा विद्यार्थी डोक्याला गोळी लागून जागीच गेला. अब्दुल जब्बार विद्यार्थी नव्हता. मैमनसिंग भागातला हा तरुण सासूच्या औषधोपचारासाठी त्या रुग्णालयात आला होता. अब्दुस सलाम हा सरकारी कार्यालयातला कर्मचारी जखमी झाला आणि दीड महिना झुंजून ७ एप्रिलला मरण पावला. रुग्णालय इतके जवळ होते की जखमींना हातांवर उचलून नेता आले; जे विद्यार्थी सकाळी घोषणा देत होते तेच दुपारी आपल्या मित्रांना टाके घालणाऱ्या डॉक्टरांच्या हाताशी उभे होते. अशी रचना गोळीबाराच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

विधानसभेत ही बातमी पोहोचली तेव्हा मुख्यमंत्री नूरुल अमीन कामकाज थांबवायला तयार नव्हते. सत्ताधारी मुस्लिम लीगचेच सदस्य मौलाना अब्दुर रशीद तर्कवागीश उठले, मुले मरत असताना इथे बसता येणार नाही अशा आशयाचे बोलून त्यांनी सभात्याग केला आणि आणखी काही जण त्यांच्यामागे गेले. रात्री प्रेते गुपचूप आजिमपूरच्या कब्रस्तानात पुरण्यात आली. रफीकची कबर आजही नक्की दाखवता येत नाही.

२२ तारखेला शहर रस्त्यावर आले आणि नवाबपूर रोडवर पुन्हा गोळीबार झाला. त्यात उच्च न्यायालयातील कर्मचारी शफिउर रहमान आणि आठ-नऊ वर्षांचा अहिउल्लाह हा मुलगा बळी पडले. त्याच दिवशी नूरुल अमीन यांनी, बंगालीला राष्ट्रभाषांपैकी एक मानावे अशी शिफारस करणारा ठराव विधानसभेत स्वतः मांडला आणि तो मंजूर झाला. चोवीस तास आधी जे मागितल्याबद्दल गोळ्या घातल्या, तेच चोवीस तासांनी सरकारी ठरावात आले.

२३ फेब्रुवारीच्या रात्री, संचारबंदी असताना, वैद्यकीय विद्यार्थ्यांनी बारा नंबरच्या बराकीपाशी एक स्मृतिस्तंभ बांधून काढला. महाविद्यालयाच्या इमारतीचे बांधकाम चालू असल्यामुळे विटा आणि वाळू आवारातच होती, सिमेंट पियारू सरदार या कंत्राटदाराच्या गोदामातले मिळाले, आराखडा बद्रुल आलम या विद्यार्थ्याने काढला आणि मुलांनी ओळीने उभे राहून विटा हातोहात पोहोचवल्या. पहाटेपर्यंत सुमारे दहा फूट उंचीचा खांब उभा होता. लोक येऊन फुले वाहू लागले, बायकांनी अंगावरचे दागिने काढून ठेवले. २६ तारखेला पोलीस आले आणि त्यांनी तो पाडून टाकला. माणसांवर गोळी झाडण्याला निदान जमाव पांगवण्याचे कारण देता येते. विटांच्या खांबाने कोणते कलम मोडले होते, हे कुठल्याही हुकुमात लिहिलेले नाही.

यानंतर पोथीतले शेवटचे पान, म्हणजे चौकशी. ढाका उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एलिस यांची एकसदस्यीय चौकशीवर नेमणूक झाली आणि त्यांच्यापुढे दोनच प्रश्न ठेवण्यात आले: गोळीबार आवश्यक होता काय, आणि वापरलेले बळ त्या परिस्थितीत समर्थनीय होते काय. या दोन प्रश्नांची घडण नीट पाहण्यासारखी आहे. ‘त्या परिस्थितीत’ या शब्दांनी परिस्थिती ही निसर्गाने आणून ठेवलेली वस्तू ठरते. ती २० तारखेच्या कागदाने तयार केली होती, हे चौकशीच्या चौकटीबाहेर राहते. बंदीची गरज होती का, विद्यापीठाच्या आवारात अश्रुधूर सोडायला हवा होता का, विद्यार्थ्यांच्या एका शिष्टमंडळाला विधानसभेच्या दारापर्यंत जाऊ दिले असते तर काय बिघडले असते, हे विचारण्याचा अधिकारच न्यायमूर्तींना नव्हता. अहवाल मे महिन्यात तयार झाला. २७ फैरी झाडल्या गेल्या, असा हिशेब त्यात आहे, आणि गोळीबार आवश्यक व बळाचा वापर समर्थनीय होता, असा निष्कर्ष आहे. ब्रिटिश अमदानीतल्या पोलीस नियमावलीत गोळीबारानंतर काडतुसांचा हिशेब देणे बंधनकारक होते, आणि तो हिशेब अचूक दिला गेला. मृतांचा नेमका आकडा मात्र कोणत्याही सरकारी कागदाने सर्वांना मान्य होईल असा कधीच दिला नाही.

एलिस यांना दोष देऊन हा विषय संपत नाही. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले, आणि प्रश्नच असा होता की त्याचे दुसरे उत्तर निघणे कठीण होते. याची दुसरी बाजू मुंबईत पाहायला मिळते. ढाक्यानंतर चार वर्षांच्या आतच, २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटन येथे आणि पुढे जानेवारी १९५६ मध्ये शहरभर, भाषेच्याच प्रश्नावर रस्त्यावर आलेल्या लोकांवर तशाच कायद्यांच्या आधाराने गोळ्या झाडल्या गेल्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांची संख्या शंभराच्या पलीकडे गेली. तिथे न्यायालयीन चौकशीची मागणी वारंवार होऊनही ती मान्य झाली नाही. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ मध्ये राजीनामा देताना जी कारणे मांडली, त्यांत हा नकारही होता. ढाक्यात चौकशी झाली आणि मुंबईत झाली नाही, पण रस्त्यावर पडलेल्यांच्या दृष्टीने दोन्हींतून एकच निष्पन्न झाले.

कायद्याने दिलेला निकाल लोकांनी मानला नाही, याचा पुरावा लवकरच मिळाला. १९५४च्या प्रांतिक निवडणुकीत संयुक्त आघाडीने २१ कलमी कार्यक्रम मांडला. २१ हा आकडा मुद्दाम निवडलेला होता आणि कार्यक्रमात हुतात्म्यांचे स्मारक, त्या दिवसाची सुटी आणि मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान असलेले वर्धमान हाउस बंगाली भाषेच्या संशोधनासाठी द्यावे, ही मागणी होती. मुस्लिम लीगचा धुव्वा उडाला आणि खुद्द नूरुल अमीन खालेक नवाज खान या तरुण विद्यार्थी नेत्याकडून हरले. डिसेंबर १९५५ मध्ये वर्धमान हाउसमध्ये बांगला अकादमी सुरू झाली, १९५६च्या पाकिस्तानी घटनेने उर्दूबरोबर बंगालीलाही राष्ट्रभाषा मानले, आणि बराकी होत्या त्या जागेवर हमीदुर रहमान व नोवेरा अहमद यांच्या कल्पनेतून नवा शहीद मिनार उभा राहिला. २१ फेब्रुवारी १९६३ रोजी त्याचे उद्घाटन अबुल बरकतच्या आई हसीना बेगम यांच्या हस्ते झाले. पहाटे अनवाणी पायांनी फुले घेऊन मिनाराकडे जाण्याची प्रभातफेरीची रीत १९५३ पासूनच रुजली होती. ती आज बांगलादेशाच्या सार्वजनिक जीवनातली सर्वांत निष्ठेने पाळली जाणारी रीत आहे.

बराकी गेल्या, पण पायऱ्या तशाच राहिल्या. २० जानेवारी १९६९ रोजी अयूबशाहीविरुद्ध १४४ कलम मोडून निघालेल्या मिरवणुकीत असद हा विद्यार्थी त्याच वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात पोलिसाच्या गोळीने पडला, आणि महिन्याभरात राजशाही विद्यापीठात विद्यार्थ्यांना वाचवायला पुढे झालेले प्राध्यापक शम्सुज्जोहा मारले गेले. मार्च १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने शहीद मिनारच पाडला. तो स्वातंत्र्यानंतर पुन्हा बांधावा लागला. युनेस्कोने १९९९ मध्ये २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन म्हणून जाहीर केला, तोपर्यंत स्वतंत्र बांगलादेशाच्या पोलिसांनीही विद्यार्थ्यांवर गोळ्या चालवलेल्या होत्या, आणि १६ जुलै २०२४ रोजी रंगपूरमध्ये दोन्ही हात पसरून उभा राहिलेला अबू सईद हा विद्यार्थी पोलिसांच्या गोळ्यांनी मरण पावल्यावर उसळलेल्या आंदोलनात तिथले सरकार गेले.

भारताने १८९८ची संहिता १९७३ मध्ये बदलली, पण १४४ हा क्रमांक तसाच ठेवला. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम १६३ झाले आहे. बांगलादेशात १८९८चीच संहिता आजही चालू आहे, आणि २० फेब्रुवारी १९५२च्या दुपारी ढाक्यात ज्या कलमाचा पुकारा झाला, ते तिच्यात त्याच क्रमांकाने छापलेले आहे.